थिबा राजाचे माणिक आणि मंडालेच्या दरबारातला हिरा

ब्रह्मदेशाच्या राजांच्या अलंकारांमध्ये पहिला मान माणकाचा होता आणि हिऱ्याचे स्थान त्यानंतरचे होते. हिरा हे सर्वांत मौल्यवान रत्न, असे मानण्याची आपल्याला आज इतकी सवय झाली आहे की हा क्रम समजून घेण्यासाठी थोडे थांबावे लागते. राजधानी मंडालेतला राजा हिऱ्यांची किंमत जाणत होता, त्याच्या राण्या ते वापरत होत्या आणि पॅगोडांच्या कळसांवर ते चढवले जात होते. परंतु हिरा ही बाहेरून विकत आणलेली वस्तू होती आणि माणिक हे राज्याच्या स्वतःच्या भूमीतून निघणारे, कायद्याने राजाच्या मालकीचे रत्न होते. माझ्या मते ब्रह्मी राजघराण्याचे दागिने पाहताना हा एक फरक ध्यानात ठेवला, तर पुढच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. १८८५ साली हे राज्य बुडाले तेव्हा नेमके काय हरवले, हेही त्यातूनच कळते.

मंडालेच्या ईशान्येस सुमारे २०० किलोमीटरवर, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात मोगोक हे गाव आहे. या परिसरातील संगमरवरात माणिक तयार झाले. रासायनिक दृष्टीने माणिक म्हणजे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड, म्हणजेच कुरुंद. शुद्ध कुरुंदाला रंग नसतो, आणि त्यात क्रोमियमचा अल्पसा अंश शिरला की तो लाल होतो. संगमरवरात लोहाचे प्रमाण फार कमी असते आणि मोगोकच्या माणकाचे वैशिष्ट्य तिथेच आहे, कारण लोह जास्त असले की लाल रंग काळपटतो आणि क्रोमियममुळे येणारी दीप्ती दबून जाते. मोगोकच्या चांगल्या माणकावर सूर्यप्रकाश पडला की त्यातील अतिनील किरणांमुळे खडा स्वतःहून तांबडा उजेड टाकू लागतो आणि त्याचा रंग आतून पेटल्यासारखा भासतो. या सर्वोत्तम रंगाला ब्रह्मी जाणकार 'को-थ्वे', म्हणजे कबुतराचे रक्त, म्हणतात, आणि हेच वर्णन पुढे जगभरच्या जवाहिऱ्यांनी उचलले.

डोंगरांची झीज होऊन माणिक खोऱ्यातील खड्यांच्या आणि मातीच्या थरात येऊन साचत असे. या रत्नगर्भ थराला तिथे 'ब्योन' म्हणतात. तो गाठण्यासाठी 'ट्विनलोन' नावाचे अरुंद उभे खड्डे खणत, काही ठिकाणी डोंगरउतारावरून पाणी सोडून माती धूत, तर काही ठिकाणी चुनखडकातील गुहांमध्ये शिरत. धुऊन टाकलेल्या मातीतून उरलेसुरले खडे वेचण्याचा हक्क स्त्रियांना होता. 'कानासे' या नावाने ओळखली जाणारी ही रीत मला फार महत्त्वाची वाटते, कारण एवढ्या कडक मालकीच्या व्यवस्थेतही गावातील गरिबांसाठी एक दार उघडे ठेवलेले होते.

ही मालकी खरोखरच कडक होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मोगोकचा प्रदेश शान सरदारांकडून ब्रह्मी राजाकडे आला आणि तेव्हापासून ठराविक मोलापेक्षा मोठा प्रत्येक खडा राजाचा, असा नियम राहिला. राजाच्या बिरुदांमध्ये खाणींचा स्वामी हे बिरुद मानाने घेतले जाई. मोठा खडा सापडला की खाणकामगाराला आनंदापेक्षा भीतीच जास्त वाटे. तो दिला तर मोबदला थोडा आणि लपवला तर शिक्षा जबर, म्हणून मोठे खडे फोडून लहान केले जात, असे अनेक जुन्या वृत्तांतांत आढळते. किती उत्तम माणके अशा रीतीने कायमची नष्ट झाली असतील, याचा विचार मनाला अस्वस्थ करतो. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानेही बाहेरच्या बाजारात येणारे ब्रह्मी माणिक आकाराने लहान असल्याचे आणि मोठे खडे राजा स्वतःकडे ठेवत असल्याचे नोंदवले आहे.

राजा ते कसे वापरत असे, याचे सर्वांत ठसठशीत वर्णन त्याहूनही जुने आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला लुदोविको दि वार्तेमा हा इटालियन प्रवासी दक्षिण ब्रह्मदेशातील पेगू या राजधानीला पोहोचला. एका मोठ्या शहराच्या किमतीहून अधिक किमतीची माणके या राजाच्या अंगावर आहेत, पायांच्या बोटांतही ती आहेत आणि रत्नांच्या भाराने त्याच्या कानांच्या पाळ्या खाली लोंबल्या आहेत, असे तो सांगतो. रात्रीच्या उजेडात राजा सूर्यासारखा दिसतो, असेही तो लिहितो. प्रवाशाच्या लिखाणात अतिशयोक्ती असणारच, हे मान्य. तरीही सूर्याची ही उपमा मला नुसती अलंकारिक वाटत नाही. ब्रह्मी राजे स्वतःला सूर्यवंशी म्हणवत, शेवटच्या म्हणजे थिबाच्या कोन्बाँग घराण्याच्या राजचिन्हात मोर होता आणि तोही या सूर्यवंशाचीच खूण होता, आणि नवग्रहांच्या हिशेबात माणिक हे सूर्याचे रत्न आहे.

नवरत्नांची ही कल्पना ब्रह्मदेशात भारतातून गेली आणि तिथे पूर्ण रुजली. ब्रह्मी दरबारात 'पुण्णा' म्हणून ओळखले जाणारे ब्राह्मण ज्योतिषी होते; मुहूर्त काढणे, राज्याभिषेकाचे विधी करणे ही कामे त्यांच्याकडे असत. नवरत्नांची अंगठी तिथे आजही घातली जाते, आणि तिच्या मध्यभागी माणिक असते व शुक्राचा हिरा इतर सात रत्नांबरोबर कडेला असतो. आपल्याकडच्या नवरत्नांच्या अंगठीतही मांडणी हीच असते. मात्र आपल्याकडे ही मांडणी पत्रिकेपुरती राहिली, तर ब्रह्मदेशात ती राज्यव्यवस्थेशी जुळून आली, कारण सूर्याचे रत्न प्रत्यक्ष राजाच्याच खाणीतून निघत होते.

भारताशी असलेला असाच एक धागा 'सल्वे' या अलंकारात दिसतो. सल्वे म्हणजे खांद्यावरून कमरेपर्यंत तिरपी घालायची सोन्याच्या साखळ्यांची माळ. तिचा उगम जानव्यात आहे, असे अभ्यासक मानतात आणि ती घालण्याची पद्धत पाहिली की ते पटते. सल्वेला किती पदर आहेत यावरून माणसाचा दर्जा ठरत असे. कनिष्ठ अधिकाऱ्याला तीन पदर, त्यावरच्यांना सहा, नऊ, बारा असे वाढत जाऊन राजाला चोवीस. पदर जिथे एकत्र येतात तिथली रत्नजडित पदके हा तिचा सर्वांत सुंदर भाग. सोन्याच्या तारेचे आणि रव्यांचे अतिशय बारीक काम, त्यात बंद कोंदणात बसवलेली माणके, आणि त्या माणकांना पैलू न पाडता घुमटासारखे गोल घासून दिलेली झिलई, ही ब्रह्मी जडावकामाची ओळख आहे.

माणकाला पैलू न पाडण्यामागे कारागिरांचे अज्ञान होते, असे युरोपीय लेखकांनी कधीकधी सुचवले आहे. मला ते पटत नाही. एक तर पैलू पाडताना खड्याचे वजन घटते आणि मोठ्या माणकाची किंमत वजनाबरोबर फार वेगाने वाढत जाते, म्हणून जमेल तितके वजन राखणे हाच शहाणपणा होता. दुसरे असे की माणिक कुरुंदाच्याच भुकटीने घासता येते, तर हिरा घासायला हिऱ्याचीच भुकटी लागते. ज्या देशात नाव घेण्याजोग्या हिऱ्याच्या खाणी नाहीत, तिथे घडणावळीची रीत माणकाच्या सोयीने ठरणार, हे स्वाभाविक आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या दोन रत्नांचे तेज वेगळ्या प्रकारचे आहे. हिऱ्याचे तेज पैलूंवरून परतणाऱ्या प्रकाशात असते, म्हणून त्याला काटेकोर घाट द्यावा लागतो. मोगोकच्या माणकाचे तेज त्याच्या रंगात आणि दीप्तीत असते, आणि गोल घासलेल्या खड्यात ते पुरेपूर प्रकट होते. पिवळ्याजर्द सोन्यात ओळीने बसवलेले असे लहान गोल माणिक पाहिले की हे म्हणणे लगेच ध्यानात येईल.

हिऱ्यांची वाट समुद्रावरून येत होती. पेगू आणि सिरियमच्या बंदरांत मच्छलीपट्टणहून जहाजे जात. जाताना ती कापड नेत आणि येताना माणिक आणत. गोवळकोंड्याच्या प्रदेशातले हिरे जगभर पसरले त्या काळात मच्छलीपट्टण हेच त्या प्रदेशाचे बंदर होते. पुढे एकोणिसाव्या शतकात कलकत्ता आणि रंगून येथील व्यापाऱ्यांमार्फत युरोपात पैलू पाडलेले हिरेही मंडालेला येऊ लागले. राजघराण्यातील व श्रीमंत घरांतील स्त्रियांच्या कानांत ते विशेषकरून दिसत. 'नादौंग' हा ब्रह्मी कर्णालंकार म्हणजे कानाच्या पाळीत बसणारी आखूड नळी, आणि तिच्या दर्शनी भागावर हिरे जडवलेले असत. मुलगी वयात येताना तिचे कान टोचण्याचा समारंभ हा तिथे मोठा संस्कार मानला जातो, त्यामुळे या हिऱ्यांचे नाते वैभवाइतकेच घरच्या मंगलकार्याशीही होते.

हिऱ्याला खरा उच्च मान मिळाला तो मात्र राजाच्या अंगावर नाही, तर पॅगोडाच्या टोकावर. रंगूनच्या श्वेडगॉन पॅगोडावर छत्रीच्या आकाराचा जो कळस आहे त्याला 'ह्टी' म्हणतात. त्यावर रत्नजडित पताका आणि सर्वांत वर 'सेन्बू', म्हणजे हिऱ्याची कळी असते. आज तिच्या अग्रावर ७६ कॅरटचा हिरा आहे. १८७१ साली थिबाचा पिता मिंडोन राजा याने या पॅगोडासाठी सोन्याने आणि रत्नांनी मढवलेली नवी ह्टी पाठवली. तोवर रंगून इंग्रजांच्या ताब्यात जाऊन जवळजवळ वीस वर्षे झाली होती. आपल्याच धर्मातील सर्वांत पवित्र स्थळी छत्र चढवण्यासाठी राजाला परक्या सरकारची परवानगी घ्यावी लागली, आणि ती मिळूनही त्याला स्वतः तिथे जाता आले नाही. तरीही छत्र हे ब्रह्मी राजसत्तेचे पहिले चिन्ह होते, आणि ते रंगूनच्या आकाशात चढले तेव्हा लोकांना त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज पडली नसेल. मिंडोनच्या सगळ्या दानांत मला हे दान सर्वांत धैर्याचे वाटते.

मिंडोननंतर १८७८ साली थिबा गादीवर आला आणि सात वर्षांत राज्य संपले. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या सागवानाच्या व्यापारी कंपनीशी झालेला तंटा हे युद्धाचे निमित्त होते. त्यामागे फ्रेंचांबद्दलचा संशय होता, आणि माणकांच्या खाणींवर इंग्रजांचा डोळा होताच. २८ नोव्हेंबर १८८५ रोजी जनरल प्रेंडरगास्टच्या फौजा मंडालेत शिरल्या. पूर्वी मंडालेच्याच दरबारी इंग्रजांचा प्रतिनिधी राहिलेला कर्नल स्लेडन राजवाड्यात गेला आणि शरणागती ठरली. त्या रात्री राजवाड्यात ये-जा करण्याची मुभा स्त्रियांना होती आणि त्या गोंधळात बरीच संपत्ती बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी थिबा व सुपयालत राणी यांना बैलगाडीतून नदीकाठी नेऊन आगबोटीवर चढवण्यात आले. मागे राहिलेल्या वस्तूंपैकी काही निवडक वस्तू इंग्लंडला गेल्या, बऱ्याचशा विकल्या गेल्या.

याच रात्रीशी न्गा मौक या प्रसिद्ध माणकाची कथा जोडलेली आहे. आख्यायिका अशी की, न्गा मौक नावाच्या माणसाला मोगोकमध्ये एक असामान्य खडा सापडला. त्याने तो दोन तुकडे करून एक राजाला दिला आणि दुसरा चोरून विकला. दुसरा तुकडाही फिरत फिरत राजाकडेच आला, दोन्ही तुकडे एकमेकांशी जुळले आणि न्गा मौकला कुटुंबासह प्राणदंड झाला. कथा कितपत खरी ते असो, पण मोठा खडा लपवण्याच्या भीतीचे आणि शिक्षेचे चित्र तिच्यात अगदी खरे उतरले आहे. ते माणिक १८८५ मध्ये स्लेडनने पाहण्यासाठी मागितले आणि परत केले नाही, असा आरोप राजघराण्याने केला. पुढे हद्दपारीत रत्नागिरीहून थिबाने आपल्या रत्नांसाठी इंग्रज सरकारकडे दाद मागितली, पण माणिक मिळाले नाही. ब्रिटनच्या राजमुकुटातील मोठे लाल रत्न म्हणजेच न्गा मौक, असे काही जण आजही सांगतात. हे शक्य नाही. ते रत्न माणिक नसून स्पिनेल हे वेगळेच लाल खनिज आहे आणि व्हिक्टोरिया राणीच्या १८३८ च्या राज्याभिषेकाच्या मुकुटातही ते होते, म्हणजे मंडाले पडण्याच्या कितीतरी आधीपासून ते इंग्लंडमध्ये होते. ब्रह्मी जनतेचे दुःख खरे आहे आणि म्हणूनच त्याला खोट्या पुराव्याचा आधार देऊ नये, असे मला वाटते.

या सगळ्यात एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. ज्या वस्तूंना घाट होता, त्या टिकल्या. इंग्लंडला गेलेली राजचिन्हे १८९० पासून लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये राहिली आणि १९६४ साली ती ब्रह्मदेशाला परत देण्यात आली. ती आज यांगूनच्या, म्हणजे पूर्वीच्या रंगूनच्या, राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. कृतज्ञता म्हणून ब्रह्मी सरकारने त्यांतील एक वस्तू लंडनच्या संग्रहालयाला भेट दिली, ती हंसाच्या आकाराची, माणकांनी मढवलेली सोन्याची पेटी. कलकत्त्याला नेलेले सिंहासनही १९४८ मध्ये परत गेले. सल्वे, विड्याची पात्रे, पादुका यांच्याकडे पाहताच त्या कोणाच्या आणि कशासाठी होत्या हे कळते, म्हणून त्यांना परत पाठवण्याचा पत्ता होता. सुट्या खड्याला तसा पत्ता नसतो. कोंदणातून निघालेले माणिक पुन्हा घासले, त्याला पैलू पाडले आणि नव्या अंगठीत बसवले की ते कोणत्या राजाचे होते, हे सांगणारे त्यात काहीच उरत नाही. आजच्या प्रयोगशाळा खड्यातील सूक्ष्म अंतर्भाव आणि रासायनिक अंश तपासून तो मोगोकचा आहे असे बहुधा सांगू शकतात. त्यापलीकडे त्या जाऊ शकत नाहीत.

खाणींचे पुढे काय झाले, ते थोडक्यात सांगतो. १८८९ मध्ये लंडनमध्ये बर्मा रुबी माइन्स ही कंपनी उभी राहिली. तिने यंत्रे आणली, मोगोक गावाखालची जमीनही खणली आणि त्या प्रचंड खड्ड्यात आज तळे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये व्हर्नुई याने माणिक कृत्रिम रीतीने तयार करण्याची पद्धत जाहीर केली आणि बाजाराचा विश्वास डळमळला. १९३१ मध्ये कंपनीने खाणींचा पट्टा सोडून दिला आणि मोगोकचे लोक पुन्हा आपल्या जुन्या पद्धतीने खड्डे खणू लागले.

थिबा १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीला आला तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता आणि १९१६ च्या डिसेंबरमध्ये तिथेच वारला. आज आपण ज्याला थिबा पॅलेस म्हणतो ती वास्तू १९१० मध्ये पूर्ण झाली; त्याआधीची चोवीस वर्षे त्याने बंगल्यांत काढली. त्याने बरोबर आणलेली माणके आणि हिरे हळूहळू विकले गेले. सरकारचे निवृत्तिवेतन राजाच्या इतमामाला, नोकरचाकरांना आणि दानधर्माला पुरत नसे, मग एखादा दागिना स्थानिक व्यापाऱ्याकडे जाई आणि बहुतेक वेळा खऱ्या मोलापेक्षा फार कमी किमतीला जाई. पैशाची अशी चणचण असतानाही राजकन्यांचे कान टोचण्याचा समारंभ रत्नागिरीत थाटाने झाला, यातले आईबापाचे मन समजून घेण्यासारखे आहे. १९१९ मध्ये सुपयालत रंगूनला परतली आणि १९२५ मध्ये वारली. थोरल्या राजकन्येची मुलगी मात्र रत्नागिरीतच वाढली, मराठी बोलली आणि तिने आपले आयुष्य अतिशय गरिबीत काढले.

माणिक आणि हिरा यांची एक वेगळीच जोडी पुढे लंडनमध्ये जुळली. १९४७ साली ब्रिटनच्या राजकन्या एलिझाबेथ यांच्या विवाहात ब्रह्मदेशाच्या जनतेने त्यांना ९६ माणके भेट दिली. ९६ रोगांपासून रक्षण व्हावे हा त्यामागचा पारंपरिक भाव होता. तोवर राणी झालेल्या एलिझाबेथ यांनी १९७३ मध्ये गॅरार्ड या पेढीकडून या माणकांचा मुकुट घडवून घेतला आणि त्यात माणकांभोवती हैदराबादच्या निजामाने लग्नात दिलेल्या मुकुटातले हिरे बसवले. ही माणके राजाची नव्हती, लोकांनी दिलेली होती. तरीही मोगोकचे माणिक मध्ये आणि दख्खनच्या राजाने दिलेले हिरे भोवती, ही मांडणी मला जुन्या ब्रह्मी क्रमाशी जुळणारी वाटते.

रत्नागिरीत विकल्या गेलेल्या खड्यांचा शोध मात्र लंडनमध्ये लागणार नाही. कोकणातील आणि मुंबईतील ज्या जुन्या सराफी पेढ्यांच्या वारसांकडे १८८६ ते १९१६ या काळातील चोपड्या, पावत्या किंवा मोडीतील हिशेब असतील, त्यांनी ते रद्दीत टाकण्यापूर्वी मोडी वाचणाऱ्या माणसाला एकदा दाखवावेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. राजाच्या बंगल्यावरून आलेल्या एखाद्या अंगठीचे वजन, त्यातल्या खड्यांची संख्या आणि दिलेली रक्कम एवढी एक ओळ मिळाली, तरी त्या दागिन्याबद्दल आज उपलब्ध असलेल्या माहितीहून ती अधिक असेल.